एकच स्टार

मुलांनो, जरा कल्पना करा. मोठं नाट्यगृह आहे आणि सगळ्या खुर्च्या रिकाम्या. रंगमंचावर एक बाई जीव तोडून विनोदी काम करते आहे. समोर फक्त कॅमेरा. कॅमेरा हसत नाही, साधी जांभईही देत नाही. मग आपलं काम जमलंय की फसलंय, हे त्या बाईला कळायचं कसं?

ती बाई म्हणजे भिंगरीची आत्या. नाटक प्रेक्षकांना घरबसल्या थेट दिसत होतं, आणि भिंगरीही ते टॅबलेटवर बघत होती. आत्याचा सगळ्यात गमतीचा प्रवेश आला. घरात शिरलेल्या चोराला पाहुणा समजून तिने चहा ठेवला, आणि चित्र अडकलं! आत्याचं तोंड उघडं, हात हवेत, मधोमध चक्र गरगरतंय. चित्र पुन्हा हललं तेव्हा पडदा पडत होता.

लगेच प्रश्न आला, ‘नाटक बघून समाधान झालं का?’ खाली पाच स्टार. भिंगरीचं डोकं तापलेलंच होतं. तिने एकच स्टार दिला आणि खेळायला पळाली.

दुसऱ्या दिवशी आत्या जेवायला आली.

“काय म्हणतात प्रेक्षक?” बाबांनी विचारलं.

“बघितलं पुष्कळांनी, दादा. पण उत्तर दिलं एकानेच. एक स्टार.”

“असेल कुणीतरी खडूस!”

“असेलही. पण समोर माणसं असली की हसू ऐकू येतं, चुळबुळ कळते. इथे तेवढं एकच उत्तर हाती आलं. सकाळीच दिग्दर्शकांना सांगून टाकलं, माझ्या जागी दुसरी बघा.”

भिंगरीने हातातला घास ताटात ठेवला. ती म्हणाली, “आत्या, तो खडूस मी आहे.”

बाबांनी जीभ चावली.

“तू वाईट नव्हतीस गं. चित्र अडकलं होतं. तुझा चहाचा प्रवेश मी पाहिलाच नाही. आत्ता फोन कर ना त्यांना!”

“नवी मुलगी तालमीला आलीसुद्धा, राणी. घरी सगळ्यांना सांगून बसली असेल बिचारी. तिला आता कुठल्या तोंडाने नको म्हणू?”

आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. दोन धपाटे घातले असते तर बरं झालं असतं, असं भिंगरीला वाटलं.

तिने ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि आत्याच्या समोर येऊन बसली.

“चोर आत येतो ना, तिथपासून कर.”

“इथे? स्वयंपाकघरात?”

“हो. बाबा चोर होतील.”

आत्या उठली आणि तिने पातेलं हातात घेतलं. भिंगरी पापणी न हलवता बघत राहिली. हसू आलं तिथे ती खळखळून हसली. नाही आलं तिथे उगाच हसली नाही.