तीन हेलकावे

पियानो लावणाऱ्या त्या माणसाला सगळे कानसेन म्हणत, आणि तोही ते मान खाली घालून, पण मनातून सुखावून ऐकून घेई. चाळीस वर्षं त्याने तारा जुळवण्यात घालवली होती. पियानोतल्या बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात. त्यातली एक जरी केसभर उतरली, तरी आवाजात हेलकावा येतो, वँव-वँव असा. तो हेलकावा घालवणं म्हणजेच कानसेनचं काम. माझ्या पियानोत हेलकावा शोधून दाखवा, असं तो तोंडाने म्हणत नसे. त्याचा चेहरा म्हणे.

आणि त्याच्याच पोटच्या मुलीने एक दिवस त्याच्यापुढे कागद ठेवला.

"बाबा, रविवारच्या कार्यक्रमाचा पियानो तुम्हीच लावा. पण असा."

मुलगी स्वतःच्या रचना वाजवी. घरी तिचा सराव सुरू झाला, की वरच्या मजल्यावर कपाटं सरकवतायत का, असं कानसेन बायकोला मुद्दाम विचारी. त्याने चष्मा लावला. प्रत्येक सुरापुढे एक आकडा होता : सेकंदाला दोन हेलकावे, पाच, दीड.

"हा तर बिघडवलेला पियानो झाला."

"मोजून बिघडवलेला. सूर मी वाजवीन, ताल हे हेलकावे धरतील. सगळे जण जे झाडून टाकतात ना, त्यावरच मी हे उभं केलंय."

"कुठून येतं हे तुझ्या डोक्यात?"

"तुमच्याकडून." ती हसली. "सहा वर्षांची असताना तुमच्याबरोबर कामाला यायचे, पियानोच्या पायाशी बसायचे. तुम्ही तार पिळायची चावी फिरवलीत की हेलकावा मंद मंद होत जायचा आणि सूर लागला की संपायचा. मला दर वेळी वाईट वाटायचं."

 कानसेन कागदाची घडी घालत बसला.

"लावतो," शेवटी तो म्हणाला. "पण माझं नाव कुठे येता कामा नये. संगीतशाळेच्या बाई येणार आहेत. त्यांचे अठरा पियानो मीच लावतो."

"नाही येणार," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला. त्याने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

शनिवारी रिकाम्या सभागृहात तो पियानोसमोर बसला, तेव्हा पहिला तासभर हात चालेना. मग त्याच्या लक्षात आलं, की हे काम नेहमीपेक्षा अवघड आहे. नेहमी हेलकावा संपला की थांबायचं, एवढंच. इथे तीनवर थांबायचं होतं, सव्वातीनवर नव्हे. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तो मोजत राहिला, जेवायचं विसरला, आणि आपल्याला मजा येतेय याची त्याला थोडी लाजही वाटली. निघताना त्याने पट्ट्या पुसल्या, दर वेळी करी तसा मधला सूर एकदा वाजवून चावीचा शेवटचा हात दिला आणि झाकण लावलं.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. बाई नेमक्या त्याच्या शेजारी येऊन बसल्या. वादन सुरू झालं आणि दोन मिनिटांत त्या त्याच्याकडे झुकल्या.

"कोणी लावलाय हा पियानो? कान तपासून घ्यायला सांगा त्याला."

"हं," कानसेन म्हणाला.

पण थोड्या वेळाने त्याला बाईंचा विसर पडला. मुलगी एक सूर दाबून नुसती थांबे, आणि त्या सुराच्या आत ताल चाले. दुसरा सूर त्यात मिसळे, तिसरा त्यांना ओलांडून पुढे जाई. असं त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याच्याच काय, कुणाच्याही कानांवरून हे गेलं नसणार. ही माझी मुलगी, असं त्याला उभं राहून सांगावंसं वाटलं.

मग ती मधल्या सुरावर आली. सूर वाजला तो अगदी स्वच्छ, सरळ.

कानसेनला शनिवार आठवला. तो शेवटचा हात! चाळीस वर्षांच्या सवयीने हाताने घात केला होता. मुलीने पट्टी पुन्हा दाबली आणि बोट तिथेच ठेवलं. लोकांना वाटलं, रचनाच तशी आहे. पण त्याने कागद पाहिला होता. इथून पुढचं सगळं याच सुराच्या तीन हेलकाव्यांवर उभं होतं.

तो गप्प बसला असता, तर कुणाला काही कळलं नसतं. चावी कोटाच्या खिशात होती.

"जरा वाट देता?" तो बाईंना म्हणाला. बाईंनी त्याच्या हातातल्या चावीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

बूट करकरवत तो मंचावर चढला, उघड्या पियानोत वाकला, त्या सुराच्या तीन तारांपैकी एकीच्या खुंटीला चावी लावली. न सांगता मुलगी तो सूर वाजवत राहिली. त्याने चावी किंचित मागे घेतली. वँव. वँव. वँव. त्याने तीन बोटं दाखवली. तिने मान हलवली आणि ती पुढे निघाली.

आता परत जायचं तर बूट वाजणार. म्हणून तो तिथेच, पियानोच्या पायाशी, गुडघे सांभाळत खाली बसला. तिथून हेलकावा फार छान ऐकू येत होता. सहा वर्षांच्या मुलीला कशाचं वाईट वाटत असेल, ते त्याला आता कळलं.

टाळ्या बराच वेळ चालल्या. त्या संपता संपता बाई मंचाजवळ आल्या.

"म्हणजे हा पियानो तुम्ही लावलात?"

"मीच," कानसेन म्हणाला, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "एक तार चुकून बरोबर लागली होती. तेवढी दुरुस्त केली."