लाखलनचा एक मोजा

माझा धाकटा भाऊ लाखलन सात वर्षं किल्टला, म्हणजे आम्हा स्कॉटिश पुरुषांच्या त्या चुण्यांच्या घागऱ्याला, शिवला नव्हता. मासेमारीच्या बोटीवर दोरात अडकून त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला, तेव्हापासून लग्न असो की मयत, स्वारी आपली विजारीत. आता त्याच्याच पोरीचं, किर्स्टीचं लग्न. ती एकदाच म्हणाली, "बाबा, किल्ट घालाल?" पुन्हा विषय काढला नाही, म्हणूनच मला घोर लागला.

हिवाळाभर बसून मी गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे विणले. उजव्या मोज्याला आतून कापूस भरून पोटरी केली. लोखंडी पाय आहे हे देवालाही कळू नये! लाखलनने त्यावरून हात फिरवला. "माझ्या खऱ्या पोटरीपेक्षा भरलेली आहे गं," म्हणाला. मला वाटलं, जिंकलं.

लग्नाच्या सकाळी तो खोलीतून बाहेर आला. अंगात किल्ट, मागे चुण्या नीट बसलेल्या, डाव्या पायात माझा मोजा. उजवीकडे नुसती लोखंडी नळी आणि बूट.

माझं डोकंच फिरलं. "अरे, दुसरा मोजा कुठंय? आणि किल्टबरोबरची रिवाजाची सुरी? ती उजव्या मोज्यात खोचतात!"

"डाव्यात खोचली. आजपासून मी डावखुरा."

"चेष्टा पुरे. डोळे फोडून विणलेत मी!"

"माहितीय गं पेगे." तो चुण्या सारख्या करत खुर्चीवर टेकला. "विजारीत लपवलंच की इतकी वर्षं. किल्ट घालूनही लपवायचं, तर विजार काय वाईट होती?"

चर्चमध्ये जो कोणी त्याच्या पायाकडे बघेल, त्याच्याकडे मी डोळे वटारत राहिले.

जेवणानंतर नाच सुरू झाला. नवऱ्या मुलाच्या परगावच्या एका मित्राला जरा जास्तच चढली होती. किल्टच्या आत काहीच घालत नाहीत म्हणे, त्यावरचा तो पाचकळ प्रश्न त्याने विचारलाच. "काय काका, किल्टच्या आत काय?"

माझ्या हातात जेवणाचा काटाच होता, सुरी नव्हती, पोराचं नशीब थोर.

"दीड पाय," लाखलन म्हणाला. "दोन असते तर तुझ्या ढुंगणावर एक बसला असता."

हॉल हसून लोटपोट झाला. किर्स्टीने डोळे पुसत त्याला नाचायला ओढलं.

"पडलो तर?"

"दोघं पडू, बाबा."

पडलेच, तिसऱ्या फेरीत. लाखलनने पडल्यापडल्या आधी किल्ट गुडघ्यांवर ओढला. मग माझ्याकडे हात केला. "उठव गं."

पाय गेल्यापासून उठायला त्याने कुणाचाही हात मागितला नव्हता.