पावसाळ्यात वाढणारा देव

टेकडीवर एवढी गर्दी की स्वतःची चप्पल सापडली तरी माणसाला साक्षात्कार वाटावा. गोंडपिपरीकडूनही ट्रॅक्टर भरून लोक आले होते, कारण दगडाचा देव वाढला होता. चैत्रात शेंदूर अगदी जमिनीपर्यंत लिंपला होता; पावसाळा सरला तर शेंदराखाली चार बोटं कोरा दगड! भूधरानंद महाराजांनी त्या कोऱ्या पट्टीला दोरा लावून मापलं आणि डोळे मिटले. डोळे मिटायचं त्यांना छान जमे.

"प्रभू पाताळातून निघाले आहेत! त्यांना जागा हवी. पायथ्याची बांधी त्यांनी मागितली आहे!"

पायथ्याशी कमळा नावाच्या बाईची बोडी होती, म्हणजे छोटं तळं, आणि त्याच्या पाण्यावरची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भातशेत. नवरा गेल्यापासून तिचं घर तेवढ्यावरच चाले. बक्षीसपत्र महाराजांनी आधीच टाइप करून आणलं होतं. देवाला भारीच घाई दिसत होती.

"दे ना व बाई," शेजारची सुगंधाबाई म्हणाली. "बोडीत पाणी ठरत नाई तुया. कोप हाय थो."

"पाणी कुठी ठरन? माती भरली तिच्यात. उन्हाळ्यात टोपल्यानं उपसली, एका पावसात पुन्हा भरली."

बोलली खरी, पण कोपाची भीती कमळालाही होतीच. खरंच देवानं मागितलं असेल तर? पेन घ्यायला ती वाकली आणि तिची नजर देवापुढच्या नव्या मंडपाच्या खांबाखाली गेली. रंगवलेल्या भागाखाली ओबडधोबड काँक्रीट उघडं पडलं होतं. चार बोटं.

तिनं मंडप बांधणाऱ्या गवंड्याला हाक मारली. "लच्छूभाऊ, खांबाचा पाया तुमी उघडा ठेवला होता काय?"

"उघडा काऊन ठेवीन? मातीत गाडला होता चैत्रात."

"मंग खांबपण वाढला?"

कोणीतरी फिसकन हसलं. लच्छू पातळी तपासायची आपली पाण्याची नळी घेऊन आला. घंटा टांगायला त्यानं चैत्रातच देवाच्या माथ्याच्या पातळीत खांबावर खिळा ठोकला होता. नळीचं एक टोक माथ्याशी, दुसरं खिळ्याशी धरलं. पाणी बरोबर खिळ्यावर थांबलं.

"सूतभरही फरक नाई!"

"खांबही प्रभूंबरोबर वर आला!" महाराज घाम पुसत म्हणाले.

"आनी थो मोह?" कमळानं बोट दाखवलं. उतारावरच्या मोहाच्या झाडाची मुळं उघडी पडली होती. "देव, खांब, मोह, सारे वर गेले, आनी माती तेवढी माह्या बोडीत उतरली? महाराज, मंडपासाठी उतारावरचं गवत-झुडूप कोणं काढाले लावलं होतं?"

आता सगळेच हसले. कठीण खडक जागीच होता. मुळांनी धरलेली माती गवत जाताच मोकळी झाली, आणि पावसानं ती धुऊन खाली नेली. देव वाढला नव्हता, टेकडी झिजली होती. आणि तिला झिजवणारा हा महात्मा त्याच झिजेचं माप दाखवून बाईची बांधी लुबाडायला निघाला होता. कागद गुंडाळून तो ट्रॅक्टरमागे कधी दिसेनासा झाला, ते भक्तांनाही कळलं नाही.

देव मानायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. उघड्या उतारावरून माती मात्र कोणी मानो न मानो, वाहतेच. तिथे गवत लावा, बांध घाला. आणि चमत्कार सांगत कोणी जमिनीचा कागद पुढे केला, तर सही करण्याआधी चारचौघांत प्रश्न विचारा. कमळानं विचारला, म्हणून बांधी आजही तिच्याच नावावर आहे.