खोड्यातला उखाणा

मिसिसिपीकाठच्या त्या जुन्या फ्रेंच गावात मराठी मंडळाची सहल गेली, तेव्हा भर उन्हाळ्यात चारुताने लांब बाह्यांचा कुर्ता घातला होता. "मला ऊन सोसत नाही," असं तिने कुणी विचारायच्या आधीच सगळ्यांना सांगून टाकलं. आदल्या दिवशी नवऱ्याने, परीक्षितने, तिला कमरेच्या पट्ट्याने झोडपलं होतं, आणि ते मंडळात कुणाला कळू नये एवढीच तिची धडपड होती. कळलं तर घरी गेल्यावर तो त्याचं उट्टं काढणार, हे ती ओळखून होती.

परीक्षित मंडळाचा मोठा लाडका. जेवणाचे ट्रे उचलायला तो पुढे, मंडळातल्या वयस्कर इला काकूंना हात द्यायला तोच पुढे. दाखवायचे दात त्याचे फार सुंदर होते.

गाइडबाईंनी उभे ओंडके रोवून बांधलेली घरं दाखवली, फ्रान्सहून जहाजातून आणलेली चर्चची घंटा दाखवली, आणि शेवटी सगळ्यांना चौकातल्या खोड्यापाशी आणलं. दोन जाड फळ्या, मधे मान आणि मनगटं अडकवायची भोकं. पळून जाताना सापडलेल्या गुलाम बायकांना यात अडकवून चाबकाने फोडायचे आणि सगळं गाव बघायला जमायचं, असं त्या म्हणाल्या. चारुताच्या पाठीवरचे वळ ठणकले.

गाइडबाई पुढे गेल्या आणि मंडळींना फोटोचा चेव आला.

"वहिनी, तुम्ही उभ्या राहा ना यार, मस्त फोटो येईल," परीक्षितचा मित्र अमन म्हणाला. परीक्षितने हसत हसत तिची मान आणि मनगटं खालच्या फळीवर दाबली, वरची फळी टाकून खिटी लावली. त्याची बोटं तिच्या मानेत रुतलेली कुणालाच दिसली नाहीत.

"आता नाव घेतल्याशिवाय सोडायचं नाही हं," इला काकू म्हणाल्या. लग्नात दार अडवतात तशी सगळी भोवती उभी राहिली.

परीक्षित तिच्या कानाशी वाकला. "पटकन घे. नाटकं केलीस तर घरी बघतो."

घरी तर तो बघणारच होता. नाव घेतलं तरी, नाही घेतलं तरी. हे लख्ख कळलं आणि चारुताची भीतीच सरली, नुसता संताप उरला.

"फ्रेंचांच्या गावामध्ये लाकडाचा खोडा,
परीक्षितराव पट्ट्याने मारतात, आता तरी सोडा."

सवयीने टाळ्या पडल्या आणि मग विरल्या.

परीक्षितने सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली. तिला हात आडवा घालता येईना, तोंड फिरवता येईना. दुसऱ्या फटक्याला ओठ फुटून रक्त फळीवर सांडलं. तिसऱ्यासाठी हात उचलला तेव्हा अमनने त्याला मागून धरून दगडांवर आपटलं आणि त्याच्या छातीवरच बसला.

काकूंनी खिटी काढली, चारुताची बाही वर सारली. जन्मभर डॉक्टरकी केलेल्या बाईला ते वळ कसले हे सांगावं लागलं नाही. त्यांना रडू फुटलं; रडतच त्यांनी पोलिसांना लावायला फोन काढला.

"काकू, पोलीस नको, व्हिसा जाईल माझा," परीक्षित खालून म्हणाला. "घरी जाऊन मिटवू."

काकूंचा फोनवरचा हात थांबला.

"लावा फोन," चारुता रक्त थुंकून म्हणाली. "आणि पोलीस येईपर्यंत कुणी हलू नका. बघायलाच जमला होतात ना."