सुहासिनीबाईंचा उजवा हात

"तू हो पुढे. मी आलेच," म्हणत सुहासिनीबाई लॉकरकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

गौरांगी टॉवेल काखेत घट्ट धरून तिथेच घुटमळली. व्हँकूव्हरमधल्या या जपानी स्नानगृहात अंगावर कपडा ठेवून आत जायचं नाही, असा नियम होता. बायकांची बाजू वेगळी होती, तरी नियम तो नियमच. आईला हे कसं जमेल याची काळजी लेकीला होती, आणि लाजत होती तीच.

"आर यू ओके विथ धिस, आई? नको असेल तर वी कॅन स्किप."

"अगं, एकतीस वर्षं नर्स होते मी. माणसाचं अंग मला काय नवीन आहे? जा, थंडी वाजेल."

लेक आत गेली तशी सुहासिनीबाईंनी शर्टाची बटणं डाव्या हाताने सोडवायला घेतली. मग चांगला हात आधी बाहेर काढला, दुखरा शेवटी. पक्षाघाताच्या किती पेशंटना त्यांनी हेच शिकवलं होतं. आता स्वतःच स्वतःच्या पेशंट झाल्या होत्या आणि फी मात्र कोणी देत नव्हतं.

डिसेंबरात जवळच्या कोक्विटलाम गावी आपल्या कॉन्डोच्या इमारतीच्या दारातच त्या बर्फावर घसरल्या आणि खांद्याचा स्नायू फाटला. या वयात ऑपरेशनचा फारसा उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही. वरच्या फळीवरचे डबे खाली आले, केस आखूड झाले, साडी कपाटात गेली. "न्यू लुक, आई," म्हणून गौरांगीने आल्या आल्या कौतुकच केलं होतं.

गौरांगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, कनाटाला टेलिकॉम कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. दोन वर्षांपूर्वी तिचे बाबा दीनानाथराव गेले, तेव्हापासून आईला आपल्याकडे न्यायचा तिने धोशा लावला होता. या खेपेला तर ती सगळं उरकूनच आली होती. बेसमेंटमधली खोली फिकट हिरवी रंगवून घेतली होती, कॉन्डो विकण्यासाठी एजंटशी बोलणं झालं होतं. आईच्या सत्तरीची भेट म्हणून हे स्नानगृहही तिने परस्पर बुक केलं होतं. पोर मायेचीच होती, पण विचारायचं म्हणून तिला ठाऊक नव्हतं. हाताचं कळलं असतं, तर विचारायला काही उरलंच नसतं. सुहासिनीबाईंना आपलं घर सोडायचं नव्हतं. निदान ते कुणी दुसऱ्याने ठरवावं, हे तर त्यांना मुळीच नको होतं.

आत वाफ भरून राहिली होती. भिंतीला ओळीने नळ होते आणि प्रत्येक नळापुढे ठेंगणं स्टूल, लाकडी बादली. आधी इथे बसून अंग घासून स्वच्छ व्हायचं, मगच पलीकडच्या गरम पाण्याच्या हौदात उतरायचं. सुहासिनीबाईंना ही रीत फार आवडली. चाळीस वर्षं या देशात उभ्याने आंघोळ करून त्यांचा जीव विटला होता. बसून, बादलीतलं पाणी अंगावर घेतलं की कशी आंघोळ झाल्यासारखी वाटते. साताऱ्याला माहेरी शेवटचं पाणी तांब्याने घ्यायचंच नाही; बादली उचलायची आणि धो धो अंगावर ओतायची.

त्या आनंदात त्या हात विसरल्या. भरलेली बादली त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि डोक्याकडे नेऊ लागल्या. छातीपाशी येताच उजवा हात सुटला, बादली दाणकन खाली पडली आणि पाणी शेजारच्या म्हाताऱ्या जपानी बाईंच्या पायांवरून वाहत गेलं. त्या बाईंनी बादली उचलून पुन्हा जागेवर ठेवली, मान लववली आणि आपल्या आंघोळीला लागल्या.

"स्लिपरी आहेत ना या बादल्या," गौरांगी म्हणाली.

सबब आयती मिळाली होती. नुसतं हो म्हटलं की भागत होतं. पण सुहासिनीबाईंना आपल्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या आठवल्या. साबण निसटला, फरशी ओली होती, चष्मा नव्हता, असं सांगायच्या. कुणालाच काही झालेलं नसायचं. त्यांच्या डोळ्यांतली भीती सुहासिनीबाईंना दारातूनच दिसायची. आज तीच आपल्या डोळ्यांत असेल, या विचाराने त्यांना फार लाज वाटली.

"बादलीचं काही नाही. हात वर जात नाही माझा. डिसेंबरपासून."

गौरांगीने प्रथमच नीट पाहिलं. उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरला होता, मागे खळगा पडला होता.

"डिसेंबर? आई, पाच दिवस मी इथे आहे. यू डिडन्ट से अ वर्ड. दॅट्स इट. तू माझ्याबरोबर येतेयस. मी आजच तिकीट..."

बोलता बोलता तिने साबणाचं फडकं उचललं आणि आईच्या पाठीला लावलं.

"थांब," सुहासिनीबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता; पण वॉर्डातल्या नव्या मुली या आवाजाला जागच्या जागी थांबत. "पेशंटला न विचारता हात लावायचा नाही. शुद्धीवर आहे तो, बोलू शकतो. आधी विचारायचं. नाही म्हणाला तर नाही. आंघोळीचंही, आणि घराचंही."

गौरांगीने हात मागे घेतला. नळ वाहत होता. तिने डोळे पुसले की तोंडावरची वाफ, ते पाठमोऱ्या आईला कळलं नाही. मग ती म्हणाली, "पाठ घासू, आई?"

हो म्हणायला इतकं जड जात असेल, हे एकतीस वर्षांत सुहासिनीबाईंच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या आणि पुढे वाकल्या.

फडकं अवघडत, भीत भीत खांद्याच्या कडेने फिरलं. मग गौरांगीने बादली भरून हळूच पाठीवर ओतली. पाणी जरा जास्तच गरम होतं. तरी सुहासिनीबाई तशाच वाकून बसल्या.