सैल राहिलेला स्क्रू

मी एक जुना व्होल्टेज-रक्षक आहे. काळ्या पत्र्याचा, दोन विटा एकावर एक ठेवाव्यात एवढा डबा, आणि लांब वायरने जोडलेला आकड्यांचा एक छोटा पडदा, हे माझे रूप. मित्रांनो, आपली कहाणी सांगणारा सहसा पराक्रमापासून सुरुवात करतो. माझाही एक पराक्रम आहे, तो सांगेनच. पण ज्या गोष्टीने माझी मान अजून वर होत नाही, ती सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होणार नाही.

मला ओरिन हॅस्केलने मागवले. एकतीस वर्षे शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करून तो निवृत्त झाला होता. त्याने आणि त्याच्या बायकोने, व्हर्लाने, कॅन्ससमधले घर विकून एक घरगाडी घेतली. तिच्यात स्वयंपाकघर, न्हाणी, पलंग, सगळे होते. हिवाळा जिथे सौम्य असेल तिथे जायचे, गाड्यांच्या तळावर थांबायचे, तिथल्या वीजखांबाला वायर जोडायची आणि राहायचे. पण प्रत्येक तळावरची वीज सारखी नसते. कुठे ती उसळते, कुठे खचते. म्हणून बाहेरची वीज आधी माझ्यातून जायची. ती नीट असेल तरच मी पुढे सोडायचो, नाहीतर दार बंद करायचो. व्हर्लाचे फुप्फुस कमजोर होते आणि तिचे ऑक्सिजनचे यंत्र विजेवर चालायचे, त्यामुळे माझे काम साधे नव्हते.

गाडीच्या मागच्या बाजूला, पलंगाच्या खाली, विजेचा कप्पा होता. हात कोपरापर्यंत घातला की वळवता येत नाही इतका अरुंद. ओरिन गुडघ्यांवर बसून, दातांत बॅटरी धरून मला तिथे बसवत होता. खांबाकडून येणाऱ्या तीन तारा त्याने माझ्या तीन खोबणींत घातल्या. दोन स्क्रू त्याने घट्ट आवळले. तिसऱ्यावर स्क्रूड्रायव्हर घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. तेव्हा मला दिसले की त्याचा उजवा हात थरथरतो आहे.

"झालं का रे?" व्हर्लाने आतून विचारले. "मदत हवी तर येते."

"बसगाड्यांची अख्खी पलटण सांभाळली मी. एका डब्याला मदत कसली?"

त्याने हात मांडीवर दाबून धरला आणि मग माझे झाकण लावून टाकले. तिसरा स्क्रू अर्धा फेरा सैल राहिला. ते मला कळले होते. पण माझा पडदा बाहेरच्या विजेचे दोष दाखवतो. माझ्या स्वतःच्या सैल स्क्रूसाठी माझ्याकडे एकही आकडा नाही.

पहिल्या हिवाळ्यात टेक्ससमधल्या एका तळावर खांबातल्या तारा उलटसुलट जोडलेल्या होत्या. मी वीज आत येऊच दिली नाही. शेजारच्या गाडीतले फ्रीज आणि टीव्ही जळाले, आमचा साधा बल्बही उडाला नाही. ओरिनने तळावरच्या सगळ्यांना बोलावून माझा पडदा दाखवला. "हा खोटं बोलत नाही," तो म्हणाला. मी सुखावलो, मित्रांनो. तेव्हापासून ते वाक्य तो जाईल तिथे सांगायचा आणि मी दर वेळी फुलायचो. तिकडे रस्त्याचे धक्के तो अर्धा फेरा हळूहळू पाऊण फेरा करत होते.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही न्यू मेक्सिकोतल्या एका लहान तळावर आलो. तळाची मालकीण नेड्रा बॉइल आणि तिथली वीज, पाणी, नळ असे सारे पाहणारा डेल्फिनो आर्चुलेटा. तळावरचे सगळे वीजखांब त्यानेच उभे केले होते, एकोणीस वर्षांपूर्वी.

तिसऱ्या दुपारी उन्हाने पत्रा तापला आणि ओरिनने थंड हवेचे यंत्र लावले. भार वाढला. सैल स्क्रूपाशी वीज अडखळली, तार तापली, आणि माझ्यापर्यंत येईतो तिकडच्या नेहमीच्या एकशेवीस व्होल्टचे सत्त्याण्णव झाले. मी दार बंद केले. व्हर्लाचे यंत्र थांबले आणि त्याची शिट्टी वाजू लागली. भार उतरताच आकडा पुन्हा ठीक झाला, मी दार उघडले, आणि जरा वेळाने पुन्हा तेच. पाच दिवस हे चालले. दर वेळी व्हर्ला धापा टाकत ऑक्सिजनची सुटी नळकांडी शोधायची.

सहाव्या दिवशी ओरिनने माझा पडदा भिंतीवरून काढला, लांब वायरीसकट दारापर्यंत ओढला आणि सगळ्यांसमोर डेल्फिनोला हाक मारली.

"वाच हे. सत्त्याण्णव. माझ्या बायकोचा श्वास तुझ्या या खांबावर लटकलाय!"

"साहेब, मी सकाळीच मोजलं. खांबात एकशेएकोणीस आहेत."

"म्हणजे हा डबा खोटं बोलतो?"

"तसं नाही म्हणत मी. मला आतून एकदा बघू द्या..."

"माझ्या गाडीत हात घालायचा नाही! आधी आपलं काम शिक."

लोक पडद्यापाशी वाकून पाहू लागले. आकडा लाल होता. एक आजोबा म्हणाले, "यंत्र कशाला कुणाचा कैवार घेईल?" त्या संध्याकाळच्या आत दोन गाड्या तळ सोडून गेल्या. नेड्रा घाबरली. तिने डेल्फिनोला कामावरून काढले आणि तळाच्या चाव्या परत मागितल्या. त्याने त्या कमरेच्या कडीतून एकेक करून काढल्या आणि तिच्या टेबलावर ठेवल्या. मी दाखवलेला आकडा खरा होता, मित्रांनो. तरीही ती खोटी साक्ष होती. एका माणसाचे एकोणीस वर्षांचे काम माझ्या शब्दावर बुडाले, आणि मी तिथे लाल दिवा लावून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओरिन तळाला फेरी मारायला गेला होता. डेल्फिनो आपली हत्यारे ट्रकमध्ये भरत होता. व्हर्ला हळूहळू त्याच्याजवळ गेली.

"डेल्फिनो, जायच्या आधी एक वास घेऊन जाशील?"

"कसला वास, बाई?"

"पलंगाखालून येतोय. काहीतरी भाजल्यासारखा. दोन दिवस झाले."

त्याने हातातली पेटी ट्रकमध्ये ठेवली. "ज्यानं मला हाकललं त्याच्याच गाडीत मी डोकं घालू?"

"त्याच्या नको, माझ्या घाल. त्या पलंगावर दुपारी मी झोपते."

डेल्फिनोने पेटी परत खाली उतरवली. त्याने पेटीतून मीटर काढला. थंड हवेचे यंत्र चालू ठेवून त्याने खांबात मोजले, एकशेअठरा. मग कप्प्यात हात घालून माझ्यापाशी मोजले, सत्त्याण्णव. त्याने लगेच खांबाचा खटका पाडला, गाडीची वायर उपसून काढली आणि माझे झाकण उघडले. तिसऱ्या स्क्रूभोवती सगळे काळे झाले होते. तारेवरचे रबर वितळले होते. मागची लाकडी फळी तळहाताएवढी करपली होती, आणि तिच्या वरच पलंगाची गादी होती.

तेवढ्यात ओरिन आला. ओरडण्यासाठी त्याने तोंड उघडले आणि फळी दिसली.

"हा स्क्रू कोणी आवळला होता?" डेल्फिनोने विचारले. आवाजात राग नव्हता. त्यामुळे मला अधिकच लाज वाटली.

ओरिन पायरीवर बसला. "मीच," तो म्हणाला. मग दोन्ही हात पुढे करून त्याने ते थरथरू दिले. "दोन वर्षं झाली. स्क्रूड्रायव्हर धरवत नाही नीट. सांगायची लाज वाटली, व्हर्ला."

"मला काय ठाऊक नव्हतं?" व्हर्ला म्हणाली. "टिचबटणांचे शर्ट मी काय हौसेनं आणले तुला?" ती त्याच्या शेजारी बसली. "फक्त या स्क्रूचं ठाऊक नव्हतं. आणि हाक मारली असतीस तर मी आवळला असता."

ओरिन उठला. आधी तो नेड्राच्या कचेरीत गेला. मग तळावर उरलेल्या अकराही गाड्यांची दारे त्याने ठोठावली. डेल्फिनोला त्याने सोबत चल म्हटले नाही, एकटाच गेला. कप्प्याचे दार उघडे होते, म्हणून जवळच्या दारांवरचे त्याचे बोलणे मला ऐकू आले. प्रत्येक ठिकाणी एकच: "खांब चांगला आहे. चूक माझी होती. मी भल्या माणसाला नाही नाही ते बोललो." सोडून गेलेल्या दोन गाड्यांना व्हर्लाने फोन केले. त्यातली एक परत आली, एक आली नाही.

नेड्रा चाव्या घेऊन डेल्फिनोच्या ट्रकपाशी आली. त्याने त्या बराच वेळ हातात घेतल्या नाहीत.

"घेईन मी," तो शेवटी म्हणाला. "पण नेड्रा, एकोणीस वर्षांत मला एकदा विचारायचं तरी होतंस."



दोन दिवसांनी माझ्या जागी नवा रक्षक आला. डेल्फिनोने बॅटरी ओरिनच्या हाती दिली आणि स्क्रूड्रायव्हर व्हर्लाच्या. "आवळा, बाई. अजून. आता तार ओढून बघा, हलते का?" व्हर्लाने दम घेत घेत तिन्ही स्क्रू आवळले आणि तिन्ही तारा ओढून पाहिल्या. ओरिनच्या हातातला उजेड हलत होता, पण तो शेवटपर्यंत तिथे धरून बसला.

मला काढून डेल्फिनोने आपल्या कामाच्या फळीवर ठेवले आहे. नवी गाडी आली की तो माझे झाकण उघडून जळालेली खोबण दाखवतो. ओरिनचे नाव तो कधी घेत नाही. बघणारे चुकचुकतात, कोणी नाक मुरडतात. मी उघडाच राहतो. एवढे तरी खरे मला आता दाखवता येते.

मित्रांनो, तुमच्याही घरात विजेची एखादी पेटी असेल. तिला तुम्ही हात लावू नका, पण मोठ्यांना सांगा, वर्षातून एकदा जाणत्या माणसाला बोलावून तिचे स्क्रू आवळून घ्या. ज्याचा हात थरथरतो त्याला हसू नका, म्हणजे त्याला तो लपवावा लागणार नाही. आणि कोणी यंत्राचा आकडा पुढे करून माणसाला दोषी ठरवू लागले, तर आकडा जरूर वाचा. पण त्या माणसालाही बोलू द्या. मला विचारता येत नव्हते. तुम्हाला येते.