पुसलेल्या एका ओळीचा सूड

मित्रांनो, माझी बिजागरी मोडली आहे, दोन कळा निखळल्या आहेत. पण स्मरणशक्ती शाबूत आहे. मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि मी काहीच विसरलेलो नाही.

माझी पहिली नोकरी औषधांच्या दुकानात. 'बाटली हलवून घ्या', 'रिकाम्या पोटी घेऊ नये' अशा चिठ्ठ्या मी छापत असे. दुकानात नवा लॅपटॉप आला, तेव्हा तिथे काम करणाऱ्या बाईंनी मला घरी नेले. त्या माझ्या मालकीण.

त्यांना दीपगृहाच्या रखवालदाराची एक मालिका फार आवडे. मालिकेतलीच माणसे घेऊन त्या स्वतःच्या कथा रचत आणि चाहत्यांच्या गटाला पाठवत. माझे कौतुक काय सांगू! त्या रोज मऊ फडक्याने मला पुसत. कथेत काही जिव्हारी लागणारे असेल, तर दुकानातल्या सवयीने वर एक ओळ लिहीत.

एका कथेवर त्यांनी लिहिले, 'या कथेत तान्ह्या बाळाचा मृत्यू आहे. सोसणार नसेल त्यांनी वाचू नये.' ती ओळ खास त्यांच्या नणंदेसाठी होती; तीही त्या गटात होती. वर्षापूर्वीच तिची मुलगी जन्मतःच गेली होती.

चार दिवसांनी नणंद दारात उभी राहिली. डोळे सुजलेले.

"वहिनी, एक ओळ तरी लिहायचीस गं!"

"लिहिली होती! तुझ्यासाठीच लिहिली होती!"

गटाचे पान उघडले. ओळ गायब. माझ्याकडची मूळ प्रत पाहून नणंद म्हणाली, "आता काय उपयोग?" आणि पाणीही न पिता निघून गेली.

गट चालवणाऱ्याला सगळे कप्तान म्हणत. मालकिणींनी त्याला फोन लावला.

"मीच काढली ती ओळ," तो हसला. "शेवट आधीच सांगितला तर वाचणार कोण? कच्च्या मनाच्या लोकांनी कथांच्या वाटेला जाऊच नये, ताई."

मित्रांनो, माझा पंखा तापून घरघरू लागला.

कप्तानाचा म्हातारा कुत्रा नुकताच गेला होता. फाटक्या कानाचा, मोजे पळवणारा. त्याचे फोटो टाकून कप्तान महिनाभर गटात रडला होता. मालकिणींनी नव्या कथेत तोच कुत्रा रखवालदाराच्या पायाशी बसवला. पंधरा पाने लाडाची, सोळाव्या पानावर मरण. वर एकही ओळ नाही. एरवी दिवसातून दहादा अडणारा मी त्या दिवशी लोण्यासारखा चाललो.

दुसऱ्या दुपारी फोन आला. कप्तानाचा आवाज रडवेला होता.

"ऑफिसात वाचत होतो हो! सगळ्यांसमोर... आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुमचा कुत्रा होता," मालकीण म्हणाल्या. "तिची मुलगी होती." आणि फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत त्याने पुसलेली प्रत्येक ओळ जागेवर आली. मालकिणींना मात्र रात्री जेवण गेले नाही. "वाईट केलं मी," त्या पुटपुटल्या. नणंद पुढे वर्षभर आमच्याकडे फिरकली नाही.

मला वाईट वाटले नाही, आजही वाटत नाही. आता मी कपाटावर धूळ खात पडलो आहे. मला पुसा अशी विनवणी मी करणार नाही. एकच मागतो. गोष्ट हवी तेवढी भीषण लिहा, पण वाचणाऱ्याला उंबरठ्यावरच सांगा. त्याच्या घरात काय घडून गेले आहे, हे तुम्हाला ठाऊक नसते. आणि तुमचे दुखणे कुठे आहे, हे कुणालातरी ठाऊक असतेच.